मुलांसाठी कापरेकरांची वजाबाकी

हातच्याच्या वजाबाकीस कंटाळलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी एक उपक्रम भाविक पालकांसमोर ठेवीत आहोत. मुलाने तीन अंक निवडावेत. तिन्ही सारखे मात्र नसावेत. त्यांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तराच्या अंकांवर हीच कृती पुन्हा करावी. ५३१ − १३५ = ३९६; ९६३ − ३६९ = ५९४; ९५४ − ४५९ = ४९५. (उत्तर ९९ आल्यास ०९९ लिहावे.) अंक कोणतेही घ्या, अखेर ४९५च येते! प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ का, हे सांगण्याचा मोह पालकांनी आवरावा. मुलास शोधू द्यावे. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांना चार अंकांच्या अशाच कृतीतून ६१७४ ही संख्या गवसली. आज ती त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते.