नेपाळला गाडी नेताना: भन्सार म्हणजे काय?

सोलापूरहून विजयपूरला आपण सहज गाडी नेतो. नेपाळलाही तसेच जाता येईल, हा समज अर्धाच खरा आहे. 1950 च्या मैत्री करारामुळे भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही. ही सवलत माणसाला आहे, एमएच-13 पाटीच्या गाडीला नाही.

गाडीसाठी सीमेवर भन्सार (नेपाळी सीमाशुल्क खात्याचा तात्पुरता वाहन-परवाना) घ्यावा लागतो. वाचनालयातून पुस्तक नेताना परतीची तारीख पडते, तसाच हा प्रकार. शुल्क दिवसांच्या हिशेबाने घेतात आणि मुदत उलटली की दंड होतो. म्हणून एखादा दिवस जास्तच मागावा. मुगलिंगकडून काठमांडूला जाणारा घाटरस्ता पावसाळ्यात दरडींमुळे अडतो, तेव्हा तो दिवस उपयोगी पडतो.

विम्याकडे मात्र बहुतेकांचे लक्षच जात नाही. आपली मोटार-पॉलिसी एरवी भारतापुरतीच असते. जादा हप्ता भरून तिच्यात नेपाळचा समावेश (भौगोलिक विस्तार) करून घेता येतो. गाडीचे नोंदणीपत्र, वाहन चालवण्याचा परवाना आणि पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवावे. केवळ आधार कार्डावर विसंबू नये. विम्याचे काम सोलापुरातूनच उरकून निघावे.