खेळण्यातली आगगाडी अडली तर...

आमच्या गटाच्या बालवाडीला कुणी विजेवरची जुनी आगगाडी दिली, म्हणून आज तिच्याविषयी बोलू.

पाचोरा-जामनेर छोट्या गाडीचे रूळ अडीच फुटांचे होते. रुळांमधलं हे अंतर म्हणजे गेज. खेळण्यातल्या गाडीचं आधी प्रमाण बघायचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या ती किती पट लहान. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथलं प्रमाण १:८७. खरे ८७ सेंटीमीटर तिथे १ सेंटीमीटर. त्या हिशेबात आपली साडेपाच मीटरची साडी बोटाएवढी, २१ मीटरचा डबा वीतभर. भलत्या प्रमाणाचा डबा त्यात शोभत नाही आणि भलत्या गेजच्या रुळावर गाडी चालत नाही.

आता वीज. ट्रान्सफॉर्मर घरातले २३० व्होल्ट कमी करतो. बऱ्याच गाड्यांना १२ पुरतात. रूळ थेट बोर्डाला कधीच जोडू नका, जीव जाईल. वायर तडकली असेल, तर आधी वायरमनला दाखवा.

गाडी मुळीच हलत नसेल, तर पुरवठा तपासा. एकाच जागी थांबत असेल, तर तिथला सांधा सैल किंवा रूळ मळका. घरघरते पण सरकत नसेल, तर प्लग काढून चाकांत केस-दोरा गुंतलाय का बघा, अगदी शिलाई मशीनसारखं. आसाला मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. रुळावर तेल नको. धूळ चिकटून वीज चाकांपर्यंत पोचत नाही. जळका वास आला, की लगेच बंद.

आम्ही नियम केलाय: ट्रान्सफॉर्मर तपासल्याशिवाय गाडी मुलांच्या हाती नाही. तुम्हीही करा.