मिरीच्या दाण्यावर दिलेली जमीन

न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीट जिथे ब्रॉडवेला मिळतो, तिथे ट्रिनिटी चर्च आहे. पर्यटक येतात ते अंगणातल्या दफनभूमीत अलेक्झांडर हॅमिल्टनची कबर पाहायला. रिचर्ड अपजॉन या वास्तुकाराची ही इमारत १८४६ सालची, आणि देखणी. पण ट्रिनिटी ही संस्था समजून घ्यायची तर तिथून उत्तरेला, हडसन स्क्वेअर या भागात जावं लागतं. तिथल्या ऑफिसांच्या भाड्यातून हे चर्च बेघरांच्या निवाऱ्यासाठी, वस्त्यांमधल्या कामांसाठी आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी पैसा देतं.

इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याने १६९७ साली चर्चला सनद दिली आणि वर्षाचा खंड ठरवला काळ्या मिरीचा एक दाणा. १९७६ साली राणी दुसरी एलिझाबेथ भेटीला आली, तेव्हा चर्चने मागची सगळी बाकी चुकती केली: २७९ दाणे. सनदेनंतर आठ वर्षांनी, १७०५ मध्ये, राणी अ‍ॅनने मॅनहॅटनमधली २१५ एकर जमीन दिली. देवळाच्या दिवाबत्तीसाठी आपल्याकडे इनाम दिलं जाई, तसंच हे दान. तेव्हा तिथे शेतं होती. शहर वाढत वाढत त्या शेतांवर आलं आणि इनामाचं सोनं झालं. साहजिकच दावेदारही उभे राहिले. त्यातल्या काही जमिनीची पूर्वीची मालकीण अ‍ॅनेके यान्स ही डच वसाहतीतली विधवा. तिचे वारस म्हणवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जात राहिले आणि हरत राहिले.

चर्चने यातली बहुतेक जमीन वाटून टाकली किंवा विकली. १७५४ साली किंग्ज कॉलेज निघालं ते ट्रिनिटीने दिलेल्या जागेवर, आणि त्याचंच पुढे कोलंबिया विद्यापीठ झालं. आज हातात उरली आहे सुमारे १४ एकर.

एवढ्यावर अब्जावधी डॉलर कसे उभे राहतात? मुद्दल मोडायचं नाही, या एका नियमावर. उरलेली जमीन शक्यतो विकायची नाही, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हडसन स्क्वेअरमध्ये छापखान्यांसाठी भक्कम, उंच छतांच्या इमारती झाल्या. छपाईचा धंदा ओसरल्यावर त्याच मजल्यांवर जाहिरात आणि माध्यम कंपन्या आल्या. २०१५ साली नॉर्वेच्या सरकारी गुंतवणूक निधीने ट्रिनिटीच्या अकरा इमारतींमधला ४४ टक्के हिस्सा ७५ वर्षांसाठी घेतला आणि १.५६ अब्ज डॉलर मोजले. २०१८ मध्ये डिस्ने कंपनीने एका मोठ्या भूखंडाचा ९९ वर्षांचा हक्क ६५ कोटी डॉलरला घेतला. २०१९ पर्यंत एकूण मालमत्ता सहा अब्ज डॉलरवर गेली होती. हा कारभार पाहते व्हेस्ट्री, म्हणजे चर्चच्या सभासदांनी निवडलेलं मंडळ.

या पैशाकडे पाहताना मला नेहमी एकोणिसाव्या शतकाचा शेवट आठवतो. ट्रिनिटीच्या जमिनीवर पट्टेदारांनी घरं बांधली होती. पट्टा संपत आला की कोण कशाला डागडुजी करणार? मुदत संपल्यावर ती जीर्ण घरं चर्चच्या पदरात पडली आणि त्यांत गरीब कुटुंबं दाटीवाटीने राहत होती. प्रत्येक मजल्यावर पाणी द्या, असा कायदा १८८७ साली झाला. ट्रिनिटीने तो मानला नाही. आमच्या मालमत्तेवर भरपाईविना घाला येतो, असं तिचं म्हणणं. आरोग्य खात्याने खटला भरला आणि १८९५ साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चर्चच्या विरोधात निकाल दिला. दानधर्म करणारी संस्था भाडेकरूंना पाणी द्यायला कोर्टात नाही म्हणते, हे वाचताना आजही संताप येतो. तरी सुधारणा रेंगाळलीच. १९०८ मध्ये पत्रकार चार्ल्स एडवर्ड रसेल यांनी या घरांवर लेख लिहिले, गहजब झाला, तेव्हा कुठे चर्चने एमिली डिनविडी यांच्याकडून घरांची पाहणी करून घेतली आणि पुढे बरीचशी पाडून टाकली.

पद्धतशीर अनुदानांचा कार्यक्रम १९७२ पासूनचा. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या चर्चना त्यातून बळ मिळालं. आता भर आहे वांशिक न्याय, बेघरांचा निवारा आणि नेतृत्व घडवण्यावर. वांशिक न्यायाचा विषय ट्रिनिटीसाठी परका नाही: १६९७ सालीच तिने आपल्या दफनभूमीत कृष्णवर्णीयांना मज्जाव केला होता. शिक्षणाची बाजूही मोठी आहे. २०१९ साली कॅलिफोर्नियातलं बर्कलीचं एक धर्मशिक्षण विद्यालय ट्रिनिटीने आपल्या छत्राखाली घेतलं. धर्मगुरू होण्याचं शिक्षण अमेरिकेत महाग, आणि नंतरचा पगार बेताचा. कर्ज डोक्यावर घेऊन गरीब वस्तीतल्या चर्चमध्ये कोण जाईल? म्हणून अशा विद्यार्थ्यांचा खर्च उचलणं मला फार मोलाचं वाटतं.

त्याहून मोलाचं एक अनुदान आहे. जगात ट्रिनिटीच्याच अँग्लिकन पंथातल्या अनेक चर्चकडे जमीन भरपूर, पैसा नाही, आणि त्यांची कामं दुरून येणाऱ्या देणग्यांवर चालतात. अशांना ट्रिनिटी त्यांच्याच जमिनीवर उत्पन्न देणारं काही उभारायला मदत करते: आधी व्यवहार्यता तपासायला, मग बांधायला. एकदा ते भाडं सुरू झालं की शाळा-दवाखान्यासाठी दरवर्षी हात पसरावा लागत नाही. तीनशे वर्षं जमीन सांभाळण्याचा अनुभव ट्रिनिटीच्या गाठीशी आहे, तो वाटण्याजोगाच आहे. मात्र या प्रत्येक प्रकल्पाचा पैसा देताना तिथे राहणाऱ्या भाडेकरूंचे हक्क करारात लिहून घ्यावेत. १८९५ चा खटला स्वतः लढलेल्या संस्थेकडून एवढी मागणी करायला हरकत नसावी.