पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?

दारू सोडवायला औषध लागतं, धीर देणारं माणूस लागतं, हे सगळेच सांगतात. पत्ताही लागतो. पुढच्या खेपेला माणूस येणार कुठून, तो आला नाही तर फोन कुणाला करायचा, रात्रीची गोळी हातावर ठेवणार कोण? उपचाराची सगळी मांडणी घर आहे असं धरूनच केलेली असते. डिचोलीचा बुधवारचा बाजार उठल्यावर कुणी ओट्यावर अंग टाकत असेल, तर तो त्या मांडणीत कुठेच बसत नाही.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके सिंधुदुर्गाला खेटून. मार्चच्या सुमारास डोंगरात काजूच्या भाट्या पेटतात; आधी हुर्राक, मग फेणी. 2009 साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक गोव्यात आहेच आणि असावंही. पण पेडण्यातल्या हरमल-मोरजीच्या किनारपट्ट्यातलं पर्यटनाचं काम हंगामापुरतं. डिचोलीत 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभे राहिले. दारू तेवढी बारमाही. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्यांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत गोवा होता. त्याच पाहणीनुसार देशभरात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो.

या दुखण्यावरचा एक नावाजलेला उपाय गोव्यातच तयार झाला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या ‘संगात’ संस्थेनं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. फार तर चार बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. समुपदेशक उपदेशाला हातच घालत नाही. किती पितोस, त्यातून काय मिळतं, काय जातं, हे तो समोरच्याकडूनच वदवून घेतो. मग दोस्तानं ग्लास पुढे केला तर नाही कसं म्हणायचं, राग आला किंवा झोप उडाली तर काय करायचं, याची तालीम. शेवटी, पाय घसरलाच तर सावरायचं कसं, यावर बोलणं. डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी 377 पुरुषांवर घेतलेली याची चाचणी 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, नुसत्या डॉक्टरी सल्ल्यावर 26 टक्के. वर्षानंतर हेच आकडे 54 आणि 32 झाले. चार बैठकांचा गुण वर्षभर टिकतो, वाढतो, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

मात्र ही चाचणी मधल्या टप्प्यातल्या पिणाऱ्यांची होती. दारूशिवाय ज्यांचं शरीरच चालत नाही, त्यांना तीत घेतलं नव्हतं. रस्त्यावर वर्षं काढलेला माणूस बहुधा त्या पलीकडच्या टप्प्यात असतो आणि तिथे नुसतं बोलणं पुरत नाही. पिणं एकाएकी थांबलं की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात. यात जीवही जातो. म्हणून झटके रोखणारी औषधं मोजून द्यावी लागतात आणि उपाशी शरीरात ग्लुकोज सोडण्याआधी बी-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘दोन दिवस कोंडून ठेवा, उतरेल’ असं म्हणणाऱ्या शहाण्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

हे दिवस बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेसारख्या ठिकाणी निभावतात. खरा पेच सुटी मिळते त्या दिवशी. मानसिक आरोग्य कायदा, 2017 नुसार केवळ घर नाही किंवा घरचे घेत नाहीत म्हणून कुणाला इस्पितळात ठेवून घेता येत नाही. कलम योग्यच आहे. पण बाहेर पडून माणूस त्याच ओट्यावर गेला तर बाजूच्या बारपर्यंत चार पावलंच असतात. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये निवाऱ्याचं प्रमाण घालून दिलं ते लाख वस्तीमागे एक असं. 2011 च्या जनगणनेत डिचोली शहर सतरा हजारांच्या घरात, पेडणे पाच हजारांच्या. गोव्यातली एकही पालिका लाखाला पोचली नव्हती. लाखाच्या मापानं मोजलं की अशा गावातला बेघर मोजणीतून सुटतोच.

आणि निवारा म्हणजे नुसतं छप्पर नव्हे. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा दाखला आधार कार्डासाठी पत्ता म्हणून चालतो. आधार आलं की बँकेचं पासबुक, पासबुक आलं की मजुरी खात्यात. रोज संध्याकाळी हातात रोकड पडणं सुरुवातीच्या महिन्यांत फार घातक, हे व्यसनमुक्तीत काम करणारा कुणीही सांगेल. फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्यात सुरू केलेल्या ‘कृपा’ फाउंडेशनसारख्या संस्थांत मुक्कामाला, दिनक्रमाला आणि सोबत दारू सोडणाऱ्यांच्या बैठकांना एवढं महत्त्व असतं ते उगाच नाही. माणूस पुन्हा पितोही, कधी दोनदा, कधी चारदा. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला दवाखान्यातून हाकलत नाही; इथे मात्र सर्रास हाकलतात.

डिचोली आणि पेडणे पालिकांनी आपल्या हद्दीत दहा-बारा खाटांची खोली आणि एक प्रशिक्षित समुपदेशक एवढ्यावर सुरुवात करायला हरकत नाही. समुपदेशक तयार करण्याची रीत तर राज्यातच सिद्ध झाली आहे.

वाचकांसाठी एवढंच: वर सांगितलेल्या कायद्याचं कलम 18 बेघर माणसाला सरकारी मानसोपचार पूर्णपणे मोफत देतं, त्यासाठी दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे. आणि दारू सुटलेला कुणी रस्त्यात थरथरताना, असंबद्ध बडबडताना दिसला, तर त्याला पाजून शांत करू नका. 108 ला फोन करा.