ऑर्डर भारी, पेमेंट कधी?

संरक्षण खात्याची ऑर्डर! ऐकायला एकदम भारी. पण वसईत, वालीव-सातिवलीच्या गाळ्यात सुटे भाग घडवणाऱ्याला विचारा, खरं टेन्शन कसलं? पेमेंटचं! स्टील आज घ्यायचं, पगार महिन्याला. पैसे मात्र माल तपासून पास झाल्यावर. मंदीत हे गणित पार कोलमडतं.

मग फंडा काय? एक, ‘उद्यम’ नोंदणी कराच. 2006च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं, नाहीतर चक्रवाढ व्याज. दोन, गिऱ्हाइकाने मंजूर केलेलं बिल ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन मंचावर वटवा. तीन, एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नका. पुण्याच्या भारत फोर्जने वाहनांच्या भागांसोबत तोफांचीही वाट धरलीच ना?

मशीन फास्ट हवंच. पण बॉस, पैसाही तितकाच फास्ट फिरायला हवा!