मॅनहोलचा तळ कुठे ठेवायचा?

गटाराचा एल-सेक्शन, म्हणजे लांबीतला छेद, समोर आला की मी आधी मॅनहोलचे तळ बघतो. यवतमाळच्या एका वसाहतीच्या भुयारी गटाराचं काम चाललं होतं. 200 मिमीचा पाइप, 250 ला 1 ढाळ, दर 30 मीटरवर मॅनहोल. सगळं जिथल्या तिथे. फक्त एका मॅनहोलचा तळ पाइपच्या इन्व्हर्टपेक्षा, म्हणजे पाइपच्या आतल्या तळापेक्षा, 24 सेंटिमीटर वर लटकत होता. अशा मॅनहोलात मैला शिरणार कसा?

सिव्हिल थ्रीडी या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅनहोलच्या दोन पातळ्या सांभाळाव्या लागतात. रिम म्हणजे झाकणाची, संप म्हणजे तळाची. तळासाठी ‘एलेव्हेशन’ निवडलं की तो दिलेल्या आकड्याला खिळून बसतो. ‘डेप्थ’ निवडलं की जोडलेल्या पाइपांतला सर्वांत खालचा इन्व्हर्ट धरून तिथून खाली मोजला जातो. इथे 446.850 हा आकडा खिळलेला होता. ढाळ दुरुस्त करताना पाइप 446.610 वर उतरला. तळ हलला नाही. ‘डेप्थ’ करून शून्य भरलं आणि तळ पाइपला येऊन मिळाला.

शून्यच का? मैल्याच्या मॅनहोलात तळाशी नाळ घडवून दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतार देतात, म्हणजे काही साचत नाही. तिथे खड्डा ठेवला तर मैला कुजतो, आणि आत उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. पावसाळी गटाराचं उलट. आपल्याकडे पहिल्या पावसाबरोबर काळी माती आणि मुरूम वाहत येतो, त्या गाळासाठी चेंबरात खड्डा हवाच. दोन्ही जाळ्यांना एकच नियम लावणं मला साफ चुकीचं वाटतं.

रिमचं दुखणं निराळं. मॅनहोलला सर्फेस, म्हणजे जमिनीचा किंवा रस्त्याचा पृष्ठभाग, जोडलेला असेल आणि आपोआप जुळण्याची सोय चालू असेल, तर रस्त्याचा नवा सर्फेस आला की झाकण वर-खाली होतं. पाइप मात्र जागचा हलत नाही. ढाळ-आच्छादनाचे नियम पुन्हा लावल्याशिवाय त्याचे इन्व्हर्ट तेच राहतात. रस्ता खोदून खाली घेतला असेल तर पाइपवरचं मातीचं आच्छादन गुपचूप कमी होतं. एल-सेक्शन वरवर पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा मोजणीतून येतो. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 445 मीटरवर आहे. सर्व्हेअरने सोयीसाठी टीबीएम, म्हणजे तात्पुरता संदर्भबिंदू, 100.000 धरला आणि पाइपच्या लेव्हल समुद्रसपाटीच्या धरल्या, की झाकण तळाच्या तीनशे मीटरहून अधिक खाली जातं. ही चूक निदान डोळ्यांत भरते. मोजणीतला एखादा बिंदू शून्य लेव्हलचा राहिला, तर सर्फेसला तिथे विहिरीसारखा खड्डा पडतो आणि जवळचं एखादंच झाकण त्यात ओढलं जातं. अशा वेळी मॅनहोलच्या सेटिंग बदलत बसू नये. आधी तो बिंदू शोधून काढावा.

म्हणून तरुण इंजिनिअरांना माझी विनंती आहे. नकाशा छापायला देण्याआधी रिम, संप आणि इन्व्हर्टचा तक्ता काढा, ऑटो लेव्हल घेऊन जागेवर जा आणि निदान वरचा आणि खालचा मॅनहोल स्वतः मोजून या.