त्यांना विसर पडला, लोकांना नाही

मॅचला निघालेली बस. आत धिप्पाड काळी पोरं, सगळ्यांना भूक लागलेली. वाटेत हॉटेलं दिसतात, पण तिथं फक्त गोऱ्यांना बसू देतात. म्हणून प्रशिक्षकच निघण्यापूर्वी पोरांसाठी सँडविच बांधून घेत. गेल्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसाचा प्रवास असाच व्हायचा. सँडविच बांधणाऱ्या त्या उस्तादांचं नाव एडी रॉबिन्सन.

लुइझियाना राज्यातल्या ग्रॅम्ब्लिंग या लहानशा गावी काळ्या विद्यार्थ्यांचं एक कॉलेज होतं. १९४१ साली रॉबिन्सन तिथं फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. वय अवघं २२. वडील दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारे, आई लोकांच्या घरी काम करणारी. पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट.

अमेरिकेतला हा फुटबॉल आपल्याकडच्यापेक्षा वेगळा. लांबट चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो आणि समोरचे अंगावर धावून येतात. कॉलेजच्या सामन्यांनाही तिथं जत्रेसारखी गर्दी होते. ग्रॅम्ब्लिंगकडे मात्र सुरुवातीला काहीच नव्हतं. मैदानातलं गवत कापणं, रेघा मारणं, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधणं, सामना संपल्यावर वर्तमानपत्रासाठी बातमी लिहिणं, सगळं रॉबिन्सनच करत. पहिल्या वर्षी संघ आठपैकी पाच सामने हरला. दुसऱ्या वर्षी नऊच्या नऊ जिंकला आणि कुणालाही एक गुण करू दिला नाही.

त्या काळातली एक आठवण आजही सांगतात. दोघा भावांना वडिलांनी कापूस वेचायला घरी ठेवून घेतलं. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना वेचणीच्या दिवसांतली ओढाताण वेगळी सांगायला नको. रॉबिन्सन बापाशी भांडले नाहीत. संघाला घेऊन शेतात गेले, सगळ्यांनी मिळून कापूस वेचला आणि पोरं मैदानावर परत आली.

सकाळी हातात गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन ते वसतिगृहात फिरत. पोरांनी उठावं, नाश्ता करावा आणि वर्गात जाऊन बसावं, एवढ्यासाठी. खेळ चार दिवसांचा, शिक्षण जन्माचं, हा त्यांचा हिशेब. तरीही त्यांच्या हाताखालचे २०० हून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये पोचले. त्यांच्यातलाच डग विल्यम्स १९८८ मध्ये सुपर बोल जिंकून देणारा पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला, सामन्याचा मानकरीही तोच.

रॉबिन्सन यांनी एकूण ४०८ सामने जिंकले. त्यांच्याआधी कॉलेज फुटबॉलमध्ये इतके विजय कुणाच्याच नावावर नव्हते. स्वतः ते मात्र अभिमानानं दुसराच विक्रम सांगत: इतकी वर्षं नोकरी एकच आणि बायकोही एकच.

शेवट सोपा नव्हता. म्हातारपणी संघ हरू लागला. १९९६ च्या अखेरीस त्यांनी पद सोडावं म्हणून दबाव आला. तेव्हा चाहते खवळले. ज्यानं आयुष्य दिलं त्याला असं काढायचं, हे त्यांना सहन होईना. लोकांच्या आवाजापुढे व्यवस्थापन नमलं आणि आणखी एक मोसम मिळाला. १९९७ चा तो मोसमही पराभवातच गेला. पण निरोपाला इज्जत होती. त्यांच्या जागी आला तो त्यांचाच शागीर्द, डग विल्यम्स.

पुढे अल्झायमरनं त्यांना गाठलं. हजारो पोरांना घडवणाऱ्या माणसाची स्मरणशक्तीच हळूहळू गेली. ३ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी ते रुखसत झाले. बॅटन रूज इथल्या राज्याच्या विधान भवनात त्यांचं पार्थिव दर्शनासाठी ठेवलं होतं. त्यांच्या तरुणपणी याच शहरातल्या सरकारी विद्यापीठाचे दरवाजे काळ्या पोरांना बंद होते. आता त्याच शहरात काळे-गोरे एका रांगेत उभे राहून त्यांना अखेरचा सलाम करत होते.

२०१० पासून ग्रॅम्ब्लिंगमध्ये त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथं विजयांचे आकडे आहेतच. पण त्यांची जुनी पोरं एकत्र जमली की आकडे मागे पडतात आणि पहाटेच्या त्या घंटेची गोष्ट निघते. आपल्यासाठी कुणीतरी आपल्याआधी उठत होतं, हे माणूस सहसा विसरत नाही.